मद्यभट्ट्या, उत्तर कोकणातील

मुंबई बेटाच्या उत्तरेस व पूर्वेस पसरलेल्या साष्टी, ठाणे, पालघर आणि उरण या परिसरात गेली सु. दोनशे वर्षे चालत आलेला ऊर्ध्वपातित मद्यनिर्मितीचा व्यवसाय. भांडुप येथील रमची भट्टी, उरण येथील मोहाच्या दारूच्या भट्ट्या, दारूबंदीच्या काळातील चोरट्या हातभट्ट्या आणि डहाणू येथील आधुनिक माल्ट व मोहमद्याचा कारखाना हे या इतिहासातील चार ठळक टप्पे होत. हा इतिहास केवळ एका पेयाचा नाही. जंगलातील फूल कोणाच्या मालकीचे, ते घरी साठविण्याचा अधिकार कोणाला आणि त्यापासून होणाऱ्या उत्पन्नाचा वाटा कोणाकडे जावा, हे प्रश्न त्यात आरंभापासून गुंतलेले आहेत. एकविसाव्या शतकात स्कॉटलंडमधील बंद पडलेल्या व्हिस्कीच्या भट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. जवळजवळ त्याच काळात उत्तर कोकणातही मोहाच्या मद्याला कायदेशीर प्रतिष्ठा मिळू लागली. त्यामुळे या जुन्या व्यवसायाकडे नव्याने पाहण्याची आवश्यकता निर्माण झाली आहे.

कच्चा माल व कृती : उत्तर कोकणात मद्याचे दोन पारंपरिक प्रकार आढळतात. पहिला, झाडाच्या रसापासून होणारा. नारळाच्या झाडापासून माडी, ताडापासून ताडी व शिंदीच्या झाडापासून शिंदी मिळते. किनारपट्टीवरील भंडारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय होता. हा रस पहाटे ताजा असताना नीरा या नावाने ओळखला जातो व तो मादक नसतो. ऊन चढू लागताच हवेतील व भांड्यातील यीस्टमुळे त्याचे किण्वन होऊन तो आंबतो. दुसरा प्रकार मोहाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या दारूचा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पानझडी जंगलांत मोह (शास्त्रीय नाव मधुका लॉन्जिफोलिया) विपुल आढळतो. मार्च-एप्रिलमध्ये झाडाची पाने गळून गेल्यावर त्याला मांसल, फिकट पिवळसर फुले येतात. ती रात्री उमलून पहाटे जमिनीवर पडतात. वारली, काथोडी, कोकणा, महादेव कोळी इ. जमातींतील स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वी ती वेचून आणतात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक शर्करा असते. त्यामुळे ही फुले भाजून किंवा उकडून खाल्लीही जातात व दुष्काळात त्यांवर अनेक कुटुंबांनी दिवस काढले आहेत. बियांपासून तेल निघते. म्हणून आदिवासींच्या दृष्टीने मोह हे दारूचे झाड असण्यापूर्वी अन्नाचे झाड आहे.

दारू गाळण्याची घरगुती पद्धत साधी असते. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात. फसफस थांबल्यावर ते आंबवण चुलीवर चढवितात. वर दुसरे भांडे ठेवून त्यात थंड पाणी ओततात. वाफ त्या थंड बुडाला लागून द्रवरूप होते व आतील लहान भांड्यात किंवा वेळूच्या नळीवाटे बाहेरच्या मडक्यात साचते. आरंभी येणाऱ्या तीव्र द्रवाला ‘पहिल्या धारेची’ असे म्हणतात. मराठीत हा शब्दप्रयोग पुढे कोणत्याही अस्सल गोष्टीसाठी रूढ झाला. स्कॉटलंडमधील तांब्याच्या भट्टीत जे घडते तेच तत्त्वतः या मडक्यातही घडते. तेथे मोड आणलेल्या सातूतील पिष्टाचे प्रथम शर्करेत रूपांतर करावे लागते, मोहाच्या फुलात शर्करा तयारच असते. मुख्य भेद त्यापुढील अवस्थेत आहे. स्कॉच व्हिस्की ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवावी लागते, तर मोहाची दारू बहुधा ताजीच वापरली जाते.

आदिवासींच्या धार्मिक व सामाजिक जीवनात या दारूला निश्चित स्थान होते. हिरवा, वाघदेव, कणसरी इ. देवतांची पूजा, विवाहविधी, मृताचे दिवसकार्य, पेरणी व कापणी यांच्या प्रसंगी ती देवाला वाहून मग सर्वांना वाटली जाई. हे पान समूहाने, ठराविक प्रसंगी व घरच्याच मालावर होत असे. पैसे मोजून दुकानातून दारू विकत घेण्याची पद्धत त्यांच्यात नंतरची आहे.

भांडुपची रम : इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून साष्टी बेट जिंकले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. पुढील काळात लागवड वाढावी म्हणून या बेटावरील गावे मुंबईतील यूरोपीय व पारशी धनिकांना खोतीने देण्यात आली. भांडुपची जहागीर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ल्यूक अ‍ॅशबर्नर या इंग्रज गृहस्थाकडे होती. तो मुंबईचा आल्डरमन व बॉम्बे कूरियर या वृत्तपत्राचा संपादक होता. १८१७ मध्ये ती त्याचा कारभारी कावसजी माणेकजी याच्याकडे गेली. त्या घराण्याने अ‍ॅशबर्नर हेच उपनाव स्वीकारले. भांडुप येथे रमची मोठी भट्टी होती व वर्षाला एक लाख गॅलनपर्यंत (सु. साडेचार लाख लि.) रम तयार करण्याचा तिला परवाना होता. हा माल मुख्यतः कंपनी सरकारच्या सैन्याला पुरविला जात असे. ही भट्टी कालांतराने बंद पडली. आज भांडुप हे मुंबईचे गजबजलेले उपनगर असून तेथे या व्यवसायाची कोणतीही ओळख राहिलेली नाही. तथापि साष्टीतील मद्यनिर्मिती ही घरगुती गरजेतून नव्हे, तर सरकारी मागणीतून प्रथम कारखान्याच्या पातळीवर गेली, ही गोष्ट या भट्टीमुळे स्पष्ट होते.

अबकारी कायदा व उरण : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोहाची दारू खेडोपाडी गाळली जात असे. सरकार एखाद्या भागातील दारू गाळण्याचा व विकण्याचा मक्ता लिलावाने देई आणि मक्तेदार लहान भट्टीवाल्यांकडून पैसे वसूल करी. या पद्धतीत उत्पन्न अनिश्चित असे. ते वाढवून निश्चित करण्यासाठी चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा करण्यात आला. त्याची तीन प्रमुख अंगे होती : विखुरलेल्या गावभट्ट्या बंद करून ठराविक मध्यवर्ती भट्ट्यांतच दारू गाळणे, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर तीव्रतेनुसार कर बसविणे आणि ताडी-माडी काढल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर आकारणे. झाडावरील कराविरुद्ध भंडारी समाजात मोठा असंतोष पसरला.

मध्यवर्ती भट्ट्यांसाठी उरण हे ठिकाण सोयीचे ठरले. करंजा बेटावरील हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते (आता रायगड जिल्हा). मोरा बंदरातून मुंबईला जलमार्गाने काही तासांत माल पोहोचविता येई आणि बेटावर पहारा ठेवणेही सोपे होते. येथील भट्ट्या पारशी व्यापाऱ्यांच्या मालकीच्या होत्या. फुले प्रामुख्याने गुजरातमधील पंचमहाल भागातून व रेल्वेने मध्य प्रांतातून येत. १८७० मध्ये मुंबई–जबलपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यानंतर हा पुरवठा अधिक सुलभ झाला. भट्ट्यांभोवती सरकारी देखरेख असे, गाळलेल्या मालाची तीव्रता मोजली जाई व कर भरल्यावरच तो बाहेर जाई. मुंबई शहरातील गिरण्या, गोद्या व बंदरांतील कामगारवर्ग हा या दारूचा प्रमुख ग्राहक होता. त्याचबरोबर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील परवानाधारक दुकानांतही ती विकली जाई. ज्या आदिवासी पाड्यांच्या सभोवती मोहाची झाडे उभी होती, तेथील माणसांना दूरच्या प्रदेशातील फुलांपासून उरणला गाळलेली व करामुळे महाग झालेली दारू दुकानातून विकत घ्यावी लागू लागली.

घरी गाळणे तरीही थांबले नाही. म्हणून सरकारने १८९२ मध्ये ‘मुंबई मोह कायदा’ संमत केला. त्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत परवान्यावाचून मोहाची फुले बाळगणे, विकणे व त्यांची वाहतूक करणे यांवर निर्बंध आले. दारूवरील नियंत्रण अशा रीतीने फुलापर्यंत, म्हणजेच अन्नापर्यंत पोहोचले. आपल्याच अंगणातील झाडाखालची फुले वेचून साठविणारी स्त्री यामुळे गुन्हेगार ठरू शकत होती. पोलीस, अबकारी शिपाई व वनरक्षक यांच्या झडत्या हा आदिवासी जीवनाचा नित्याचा भाग बनला.

स्कॉटलंडशी तुलना : याच साम्राज्यात, अर्धशतकापूर्वी, सरकारने नेमके उलट धोरण अवलंबिले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात करांच्या बोजामुळे शेतकरी चोरून व्हिस्की गाळत असत. सैन्य व अबकारी अधिकारी पाठवूनही हा व्यवसाय आटोक्यात येईना. अखेर १८२३ च्या अबकारी कायद्याने कर सु. निम्म्याने कमी करण्यात आला व किमान ४० गॅलनांच्या भट्टीला वर्षाला १० पौंड शुल्कावर परवाना मिळू लागला. ग्लेनलिव्हेट खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ याने १८२४ मध्ये परवाना घेतला आणि कायदेशीर भट्टीवाल्यांत तो अग्रेसर ठरला. स्कॉटलंडमध्ये चोरटा शेतकरी परवानाधारक उद्योजक झाला, उत्तर कोकणात घरी गाळणारा आदिवासी गुन्हेगार झाला. एका ठिकाणी लहान भट्टीला कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी दार उघडले गेले, दुसऱ्या ठिकाणी ती मोडून काढण्यात आली. पुढे एक पेय जगभर प्रतिष्ठित झाले व दुसरे अप्रतिष्ठेचे चिन्ह बनले. या दोहोंच्या पेयगुणांतील फरकापेक्षा धोरणातील हा भेद त्यास अधिक कारणीभूत झाला, असे म्हणता येते.

मद्यविरोधी चळवळी : सरकारी उत्पन्नासाठी दारूची दुकाने वाढविण्यास महाराष्ट्रात प्रारंभापासून विरोध झाला. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी हरकत घेतली. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. या शहरी चळवळींहून वेगळी व अधिक लक्षणीय अशी ‘देवी’ची चळवळ होय. ती पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार समाजात उद्भवली, तेथून ठाणे व नासिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात पसरली आणि १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातमध्ये पोहोचली. अंगात संचार झालेल्या व्यक्तींच्या मुखाने देवी आज्ञा देई : दारू व मांस सोडा, स्वच्छ राहा, पारशी दारूदुकानदाराची चाकरी करू नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा विस्तृत अभ्यास केला आहे. दुकानदार हाच पुष्कळदा सावकार व जमीनदारही असे. त्यामुळे दारू सोडणे हा आर्थिक दास्यातून सुटण्याचाही मार्ग होता.

या दास्याचे स्वरूप पुढील काळातही स्पष्टपणे दिसून आले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे, प्रसंगी आयुष्यभर, मालकाकडे राबणाऱ्या आदिवासीस ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नखर्चात दुकानातून आणलेल्या दारूचा समावेश असे. १९४५ मध्ये टिटवाळा येथील किसान परिषद व झरी येथील मेळावा यांनंतर वारल्यांनी वेठबिगार व लग्नगडी पद्धतींविरुद्ध उठाव केला. या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकर यांनी जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात सांगितली आहे.

दारूबंदी व आरे : १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे तेव्हा अबकारी खात्याचे मंत्री होते. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर हा प्रयोग मागे पडला. १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले व टप्प्याटप्प्याने बंदी वाढवीत त्याने १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा केला. एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याची बहुतेक कलमे वैध ठरविली. जमीनमहसुलाच्या खालोखाल असलेले अबकारी उत्पन्न सरकारने या निर्णयाने सोडून दिले. मोहाच्या दारूची उरली-सुरली कायदेशीर निर्मितीही यामुळे संपुष्टात आली.

याच मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईच्या दूधपुरवठ्याची योजना आकारास आली. शहरातील गोठ्यांत दाटीवाटीने ठेवलेल्या म्हशी बाहेर हलवून स्वच्छ दूध पुरविण्यासाठी गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत ४ मार्च १९५१ रोजी तिचे औपचारिक उद्‌घाटन झाले. सु. १,२८७ हे. क्षेत्राच्या या वसाहतीत सु. १६,००० जनावरे ठेवण्याची सोय करण्यात आली. दारूबंदी व दूधवसाहत या दोन्ही योजनांमागे नागरिकांच्या, विशेषतः कामगारवर्गाच्या, आरोग्याविषयीची एकच कल्याणकारी दृष्टी होती. या दोहोंचा भार मात्र एकाच समाजावर पडला. आरेच्या टेकड्यांवर वारली, मल्हार कोळी, कोकणा इ. जमातींचे पाडे वसाहतीपूर्वीपासून होते. दूधवसाहतीने त्यांच्या सभोवतालची जमीन सरकारी झाली व दारूबंदीने त्यांचा जुना विधी पुन्हा गुन्हा ठरला. वाघदेवाची पूजा व वारली चित्रकला या पाड्यांत आजही टिकून आहेत. मेट्रो रेल्वेच्या डेपोसाठी २०१९ मध्ये आरेत झालेल्या वृक्षतोडीच्या वादातून या पाड्यांचे अस्तित्व बहुसंख्य मुंबईकरांना प्रथमच ठळकपणे जाणवले. २०२१ मध्ये आरेतील सु. ३२८ हे. क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित करण्यात आले.

हातभट्टी व विषारी दारू : दारूबंदीने मागणी नाहीशी झाली नाही. खाडीकाठची तिवरे, ओढ्यालगतची झाडी आणि उपनगरांतील झोपडपट्ट्या यांच्या आडोशाने हातभट्ट्या सुरू झाल्या. त्यांत मोहाऐवजी काळा गूळ, नवसागर व सडकी फळे वापरली जाऊ लागली. काही ठिकाणी औद्योगिक मद्यार्क पाणी घालून विकला जाऊ लागला. यातून गुन्हेगारी टोळ्या पोसल्या गेल्या व पोलीस खात्यात भ्रष्टाचार वाढला. १९६० नंतरच्या दशकात बंदी क्रमशः शिथिल करण्यात आली आणि १९७३ च्या महाराष्ट्र देशी मद्य नियमांनी कायदेशीर ‘देशी दारू’ पुन्हा सुरू झाली. ही देशी दारू मोहाची नव्हती. सहकारी साखर कारखान्यांच्या वाढीमुळे मळी विपुल व स्वस्त मिळू लागली होती, तिच्यापासूनच्या मद्यार्काने मोहाची जागा घेतली. नावाने देशी असलेल्या या पेयात देशी फुलाला स्थान उरले नाही.

चोरट्या दारूत मिथिल अल्कोहॉल मिसळल्यास ते शरीरात फॉर्मिक अम्लात रूपांतरित होऊन दृष्टिनाश व मृत्यू ओढवतो. २००४ मध्ये विक्रोळी व २०१५ मध्ये मालाडजवळील मालवणी येथे अशा दुर्घटना घडल्या. मालवणीत शंभराहून अधिक लोक मरण पावले. मृतांत बहुसंख्य रोजंदारीवर काम करणारे होते. फुलांपासून घरी गाळलेली दारू व रसायन मिसळलेली दारू या दोन्ही बोलीभाषेत ‘हातभट्टी’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या प्रकाराची भीती पहिल्यालाही चिकटली. व्यसनाचा प्रश्न अर्थात फुलाच्या दारूनेही सुटत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीतून, विशेषतः स्त्रियांच्या आग्रहामुळे, १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. मद्याचे पहिले दुष्परिणाम घरातील स्त्री व मुलांना भोगावे लागतात, हा या चळवळीचा अनुभव कोणत्याही पुनरुज्जीवनाच्या विचारात दुर्लक्षिता येत नाही.

पुनरुज्जीवन : स्कॉटलंडमध्ये १९७० नंतरच्या मंदीमुळे मागणीपेक्षा अधिक व्हिस्की साठून राहिली व १९८३ च्या सुमारास अनेक भट्ट्या बंद झाल्या. १८१९ मध्ये स्थापन झालेली ब्रोरा आणि आयला बेटावरील पोर्ट एलन या त्यांपैकी दोन होत. फॉलकर्क येथील रोझबँक १९९३ मध्ये बंद पडली. भट्ट्या थंडावल्या, तरी त्यांतून निघालेली व्हिस्की पिंपांत मुरतच राहिली. दोन-तीन दशकांनी तिचा लौकिक व किंमत इतकी वाढली, की मालकांना भट्ट्या पुन्हा उभारणे फायद्याचे वाटले. ब्रोरा २०२१ मध्ये, पोर्ट एलन २०२४ मध्ये सुरू झाली. रोझबँकची तांब्याची पात्रे बंदीच्या काळात चोरीस गेली होती. जुन्या आराखड्यांवरून नवी पात्रे घडवून २०२३ मध्ये तेथे ऊर्ध्वपातन पुन्हा सुरू झाले. या पुनरुज्जीवनाला पिंपांतील जुना माल, कागदोपत्री आराखडे आणि अखंड चालू असलेला कायदेशीर उद्योग यांचा आधार होता.

उत्तर कोकणात असा आधार नव्हता. मोहाची दारू मुरवून ठेवण्याची प्रथा नसल्याने जुन्या भट्ट्यांचा नमुना शिल्लक राहिला नाही. कृतीचे ज्ञान फक्त पाड्यांत, म्हणजे ज्यांना ती कृती करण्यास बंदी होती त्यांच्याकडेच, टिकून राहिले. या पार्श्वभूमीवर डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीज या संस्थेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था एका पारशी कुटुंबाची असून त्या कुटुंबाचा मद्यव्यवसाय १९२२ पासूनचा सांगितला जातो. सातूच्या माल्टपासून तयार केलेले मद्य ती अनेक वर्षे इतर उत्पादकांना पुरवीत होती. २०२४ च्या सुमारास तिने स्वतःच्या नावाने सिंगल माल्ट व्हिस्की आणि ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाचे मद्य बाजारात आणले. कोकणातील उष्ण व दमट हवेत पिंपातील मद्य लवकर मुरते. त्याचबरोबर बाष्पीभवनाने होणारी घटही स्कॉटलंडच्या वार्षिक सु. २ टक्क्यांच्या कित्येक पट असते. त्यामुळे येथील व्हिस्की दीर्घकाळ मुरविणे खर्चाचे ठरते. मोहाच्या मद्याला ही अडचण नाही. तत्पूर्वी २०१८ मध्ये गोव्यात मोहाचे एक बाटलीबंद मद्य विक्रीस आले होते. गोव्यातीलच काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक व २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा मिळाल्याने या प्रयत्नांना एक आदर्शही उपलब्ध होता. मध्य प्रदेशाने ‘वारसा मद्य’ या नावाने मोहाच्या दारूचे उत्पादन आदिवासींच्या बचतगटांकडे सोपविण्याचे धोरण २०२१ नंतर स्वीकारले.

महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोहाच्या फुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध शासनाने शिथिल केले. १८९२ च्या कायद्याने सुरू झालेल्या फुलावरील पहाऱ्याचा त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षांनी बराचसा शेवट झाला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोहाची फुले, काजूची बोंडे इत्यादींपासून होणाऱ्या मद्याला ‘देशी’ या वर्गातून काढून ‘विदेशी’ मद्याच्या वर्गात घालण्यास मान्यता दिली. उच्च दर्जाचे मद्य म्हणून त्यास बाजार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. सह्याद्रीच्या जंगलातील फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कायद्याच्या परिभाषेत परदेशी व्हावे लागले, ही या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय.

हक्कांचा प्रश्न : १९९६ च्या अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी व मादक पदार्थांचे नियमन किंवा बंदी करण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. डहाणू, तलासरी, जव्हार इ. तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आरेचे पाडे मात्र मुंबई महानगराच्या हद्दीत असल्याने पंचायत कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहतात. या हक्कांमुळे नव्या उद्योगाची दिशा ग्रामसभेच्या संमतीने ठरविणे तत्त्वतः शक्य झाले आहे. प्रत्यक्षात आदिवासी कुटुंबाकडे मुख्यतः फूल वेचण्याचे काम व त्याची किंमत येते. गाळणे, बाटलीत भरणे, नाव देणे व विकणे या अधिक लाभाच्या पायऱ्यांसाठी भांडवल व अबकारी परवाना लागतो आणि तो बहुधा इतरांकडे असतो. उरणच्या काळातही कामाची वाटणी अशीच होती. फरक इतकाच, की तेव्हा फुले परप्रांतातून येत व पाड्यांतील फुलांवर बंदी होती. आता पाड्यांतील फुलांना मागणी आहे.

स्कॉटलंडच्या भट्ट्यांचे पुनरुज्जीवन हे मुख्यतः मालकीचे व भांडवलाचे सातत्य होते. उत्तर कोकणात मालकी, ज्ञान व कच्चा माल ही तीन अंगे १८७८ मध्येच एकमेकांपासून तोडली गेली होती. केवळ मोहाचे मद्य महागड्या बाटलीत उपलब्ध होणे म्हणजे त्यांचे पुनर्मीलन नव्हे. ग्रामसभांना व बचतगटांना लहान भट्टीचा परवाना परवडेल अशा शुल्कात मिळणे, मिथिल अल्कोहॉलची व तीव्रतेची तपासणी गावपातळीवर होणे आणि दारू नको म्हणणाऱ्या गावाचा, विशेषतः तेथील स्त्रियांचा, निर्णय बंधनकारक मानला जाणे, या तीन गोष्टींवर पुढील वाटचाल अवलंबून राहील. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या शेतकऱ्यास जे दार उघडले गेले, ते उत्तर कोकणातील फूल वेचणाऱ्यास उघडते किंवा नाही, यावरून या पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन होईल.